कपिलेची खोळ

“अन् नवसात काय म्हनलं होतं तू? ‘मी येईन’ म्हनलं, का ‘हे गाडी चालवत आनतीन’ म्हनलं?”

कौतिकमायने विचारलं, आणि मी खाली बघितलं.

ह्यांच्या छातीवर शस्त्रक्रिया चालू होती, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून मी वणीच्या सप्तशृंगीला नवस बोलले होते. आई, ह्यांना बरं कर. हे स्वतः गाडी चालवत तुझ्या पायथ्याशी येतील. तोवर मी चहात साखर घेणार नाही.

आईने तिचं काम केलं. हे बरे झाले. त्यालाही आता बऱ्याच दिवाळ्या उलटून गेल्या होत्या, आणि माझा चहा अजून बिनसाखरेचाच होता.

“‘हे चालवत आणतील’ असं म्हटलं होतं, माय.”

“मंग?”

मायने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी घसा साफ केला.

आमचे हे गुरांचे डॉक्टर. कारंज्याच्या आसपासच्या खेड्यांत डॉ. गुल्हाने म्हटलं की अजूनही लोक ओट्यावर घोंगडी अंथरतात. सगळी नोकरी त्यांनी एका डिझेल गाडीवर काढली. तांबूस रंगाची म्हणून तिचं नाव कपिला. चिखलातून, नाल्यातून, रात्री-अपरात्री अडलेल्या म्हशीकडे... कपिला कधी नाही म्हणाली नाही.

कौतिकमाय आमच्या गावकुसाबाहेरच्या दत्ताच्या मठात राहते. वय तिचं तिलाही ठाऊक नाही. कीर्तन करत नाही, उपदेश करत नाही. गाई सांभाळते, गोवऱ्या थापते, आणि कोणी काही विचारलं तर बहुधा उलटा प्रश्न विचारते.

हे तिला मानत होते. पण गाडीच्या बाबतीत नाही.

“माय, तुम्ही अध्यात्म सांगा, मी ऐकतो,” हे म्हणाले. “पण हे यंत्र आहे. वणी इथून कुठे आली? जवळजवळ सगळा रस्ता समृद्धी महामार्गाने. तिथे सगळे शंभराच्या पुढे पळतात, तेही तासन् तास. जुन्या डिझेल गाडीला तसं पळवलं तर काय होतं माहीत आहे?”

“नाई बाप्पा. सांग.”

ह्यांना तेच हवं होतं. मांडी बदलून बसले.

“तेल तापतं. तापलं की पातळ होतं. पातळ तेल धातूला धरून राहत नाही, मग धातूच धातूला खातो. टर्बो म्हणून एक चाक असतं, इंजिनाला हवा कोंबणारं. ते धुराच्या धगीवर फिरतं, भिंगरीपेक्षा कितीतरी जोरात. ते लाल होतं. पाण्याच्या रबरी नळ्या जुन्या, त्या फुगतात. चाकांची बेअरिंगं घुमायला लागतात. आणि वेग जरा वाढवला की ताण जरा वाढत नाही, माय... दुपटीने वाढतो.”

“सगळं खरं हाये?”

“अक्षरन् अक्षर.”

“मंग घरी ठेवल्यावर काय होते तिले?”

“घरी? काही नाही होत. जपतो मी तिला. मंडईपर्यंत नेतो, इथे मठात आणतो, परत नेऊन झाकून ठेवतो.”

ते खरं होतं. झाकायची खोळ मीच शिवली होती. दुहेरी खाकी कापडाची, चारी कोपऱ्यांना नाड्या. दवाखान्यातून आल्या आल्या ह्यांनी सांगितली आणि मी रात्रंदिवस मशीन चालवून पुरी केली. तेव्हापासून मंडईतून आलं की हे आधी त्या नाड्या बांधायचे, मग हातपाय धुवायचे.

ह्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तर कधीच सांगितलं होतं : गाडी चालवा, फिरा, फक्त मधेमधे थांबत जा. पण हे म्हणायचे, माझं ठीक आहे हो. गाडी म्हातारी झालीय.

माय उठली. “चाल. दाखव.”

कपिला मठाच्या लिंबाखाली उभी होती. माय तिच्याभोवती एक चक्कर फिरली, जशी गाय विकत घेताना फिरतात तशी. मग मागे वाकली आणि धुराच्या नळीत बोट घातलं.

बोट काळंकुट्ट झालं.

“हे काय हाये?”

“काजळी,” हे म्हणाले. “डिझेलला येतेच.”

मायने ते बोट माझ्यापुढे धरलं. “तू सांग, नाशिकवाले. तुह्या चुलीले अशी काजळी कधी धरते?”

मी माहेरी स्वयंपाक चुलीवरच शिकले. उत्तर तोंडात तयार होतं.

“चूल धड पेटू दिली नाही की. पेटते न पेटते तोच विझवली, पुन्हा पेटवली, पुन्हा विझवली... की सगळं घर काळं.”

 हे म्हणाले, “चूल वेगळी, इंजिन वेगळं.”

पण आवाज जरा खाली आला होता.

“डाक्टर, माह्या मठातला तो पांढरा गोऱ्हा आठवते तुले? पाय सुजले होते त्याचे. खात नव्हता, पीत नव्हता.”

“आठवतो की.”

“मी म्हनलं, औषध दे. तू औषध देल्लं नाई. तू काय म्हनलं होतं?”

हे लिंबाची काडी मोडू लागले.

“म्हन ना.”

“...म्हटलं होतं, माय, हा आजारी नाही. हा बांधलेला आहे.”

मायने काळं बोट ह्यांच्या गालाला लावलं. लहान पोराला तीट लावतात तसं.

“जाय आता घरी. पुसू नको.”

*

घरी जाताना ह्यांनी गालावर तीट घेऊनच मंडईतून भाजी घेतली. भाजीवाली म्हणाली, “डॉक्टरसाहेब, दृष्ट कोणाची लागली?”

“म्हातारीची,” हे म्हणाले.

अंगणात आल्यावर सवयीने खोळ उचलली. नाड्या हातात धरून उभे राहिले. मग खोळ तशीच ओट्यावर टाकली आणि आत आले.

“पण तिला काही कळत नाही,” मला म्हणाले. “गोऱ्ह्याला हिंडवलं की पाय उतरतात. यंत्राचं तसं नसतं. झिजलेलं भरून येत नाही.”

“नसेल,” मी म्हटलं. “पण मला वणीला जायचंय.”

“एसटीने जाऊ. देवीला काय फरक पडतो?”

“देवीला नाही पडत. मी शब्द दिलाय.”

“साखर खा तू. मी सांगतो, खा.”

“तुम्ही नेऊन खाऊ घाला.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं उत्तर क्वचितच दिलं असेल. मी आत जाऊन दिवा लावला. रागाने नाही हो... मनात एकदा ठरलं की हात आपोआप दिव्याकडेच जातात.

दुसऱ्या दिवशी हे पुन्हा मठात. मी बरोबर होतेच.

“एक फेरी मारू,” हे म्हणाले. “समृद्धीवर. पुढच्या फाट्यापर्यंत जायचं आणि परत. तुम्ही मागे बसा, माय, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा तिचं काय होतं ते.”

“चाल. पन आज नाई. आधी तिची तब्येत पाय. शंकरपटात शर्यतीले उतरवाच्या आधी तू बैलाचे खूर पाहत नव्हता का? गुरुवारी येतो मी.”

मग जब्बारमिस्त्रींकडे गाडी गेली. कपिलेचं सगळं आयुष्य त्यांच्याच हातांतलं. त्यांनी तेल बदललं, पट्टा बदलला, पाण्याच्या दोन नळ्या दाबून बघितल्या आणि त्याही बदलल्या. मग टायरांजवळ उकिडवे बसले. टायरांच्या बाजूला बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यातल्या टाचांसारख्या.

“नक्षी तर नव्यासारखी आहे,” हे म्हणाले. “पळालेच कुठे हे टायर?”

“वही तो, डॉक्टरसाब,” मिस्त्री म्हणाले. “पळून नाही फाटले. उभ्या उभ्या वाळले. ह्यांच्यावर हायवेला गेले असते, तर मी तुम्हाला सलाम करायला आलो असतो... कब्रस्तानात.”

“आमच्यात जाळतात.”

“तर मग तिथं.”

दोघेही हसले. ह्यांना असं हसताना मी बऱ्याच दिवसांनी बघत होते. चारी टायर नवे बसले.

*

गुरुवारी सकाळी माय मागच्या सीटवर मांडी घालून बसली. चपला हातात. मी पुढे, ह्यांच्या शेजारी.

ह्यांनी इंजिन चालू केलं. गावातून अगदी हळू नेली. “आधी तिला गरम होऊ द्यायचं,” हे म्हणाले. “थंड इंजिनावर जोर दिला की सगळ्यात जास्त झीज तेव्हाच होते.”

“चूल,” माय म्हणाली.

ह्यांनी गिअर बदलला.

समृद्धीवर चढलो. समोर पांढरा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना नांगरलेली शेतं. माय नामस्मरण करू लागली. दत्त... दत्त... दत्त. मोठ्याने नाही. स्वतःला ऐकू येईल एवढंच.

हे डावीकडे, अगदी कडेने, सायकलच्या वेगाने चालले होते. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेलं. मागून येणारे ट्रक दिवे दाखवत, भोंगे वाजवत बाजूने जात होते. प्रत्येक ट्रक गेला की कपिला हलायची.

“डाक्टर,” माय म्हणाली, “हे जे मागून येऊन रायले, ते तुले पाहून कापून रायले का?”

“म्हणजे?”

“तू त्याइले भेतो, ते तुले भेतात. समद्याइचाच जीव टांगनीले.”

मी हसले. हसायला नको होतं.

ह्यांचा चेहरा तांबडा झाला. ओठ आवळले. आणि पाय दाबला.

कपिलेने एक धूर सोडला. मागे बघितलं तर काळा ढगच. जणू साठलेलं सगळं एकदम ओकली. मग ती निघाली. काटा साठ... ऐंशी... शंभर. हे आणखी दाबत होते. शंभराच्याही पुढे. काचा थरथरू लागल्या, दाराच्या कप्प्यातली माझी पाण्याची बाटली वाजू लागली, इंजिन एका सुरात ओरडू लागलं.

“बघा!” हे ओरडून म्हणाले. “बघा आता! पळतेय की नाही? आता बघा तिचं काय होतं!”

उष्णतेचा काटा निम्म्यावर होता. तो हळूच वर सरकला.

मी पदर मुठीत धरला.  मागून मायचा हात आला आणि ह्यांच्या खांद्यावर टेकला.

“डाक्टर.”

“काय?”

“माहं नाम मलेच ऐकू नाई येऊन रायलं.”

ह्यांनी मग पाय थोडा उचलला.

“आता?”

“नाई.”

आणखी थोडा.

“आता?”

मायने ओठ हलवले. दत्त... “जराकसं.”

वेगाचा काटा नव्वदच्या खाली आला. ऐंशीच्या वर कुठेतरी थांबला. इंजिनाचं ओरडणं बंद झालं आणि एक घुमणारा आवाज राहिला, जात्यासारखा. बाटली वाजायची थांबली.

दत्त... दत्त... दत्त.

मला पुढच्या सीटवर नाम स्पष्ट ऐकू येत होतं.

“आता येते,” माय म्हणाली. “एवढ्यातच ऱ्हाय.”

हे तेवढ्यातच राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. वळण नाही, खड्डा नाही, ब्रेक नाही, गिअर नाही. उष्णतेचा काटा परत निम्म्यावर येऊन बसला आणि तिथून हलला नाही. ह्यांचे खांदे खाली आले. एका हाताची पकड सैल झाली.

फाट्यावर उतरून आम्ही उलट्या दिशेने परत चढलो, तेव्हा ह्यांनी मागच्या आरशात बघितलं. मी पण वळून बघितलं.

धूर नव्हता.

“गावातल्या एका फेरीत मी जेवढ्यांदा क्लच दाबतो...” हे स्वतःशीच पुटपुटले, “तेवढ्यांदा इथे... दाबलाच नाही.” मग बरंच पुढे गेल्यावर, “कसं सुचलं नाही मला.”

 मागे मायचं नाम चालू होतं.

*

मठाच्या लिंबाखाली गाडी थांबली. हे एकदम तरुण दिसत होते. वासराने पहिली उडी मारावी तसा चेहरा.

“बघितलंत, माय? आली की नाही? पोचलो!”

आणि किल्लीकडे हात नेला.

मायने मागून वाकून आपला पंजा त्यांच्या हातावर ठेवला.

“थांब.”

“आता काय? पोचलो ना.”

“तू पोचला. ती पोचली का?”

इंजिन चालू होतं. हळू, एकसारखं. ह्यांनी किल्लीवरचा हात काढला नाही. मायनेही नाही.

...

हे कपाळाला आठ्या घालून समोर बघत राहिले. मग आठ्या गेल्या.

“टर्बोचं चाक,” हे हळूच म्हणाले. “एवढं पळून आलं, अजून तापलेलं आहे. आता किल्ली फिरवली तर तेल जागच्या जागी थांबेल. चाक मात्र थोडा वेळ फिरतच राहील. तेलाशिवाय. आणि धगीत अडकलेलं तेल जळून कोळसा होईल.”

“मले काय ठाऊक,” माय म्हणाली. “मले बैलाचं ठाऊक हाये. शंकरपटात जोडी पळून आली का लोक हारतुरे घालत, गुलाल टाकत, अन् तू तठी उभा राहून बोंबलत होता. काय बोंबलत होता तू?”

हे आठवून सांगू लागले.

“बांधू नका. लगेच दाव्याला बांधू नका. पाणी पाजू नका. फिरवा तिला. हळूहळू फिरवा... छाती खाली बसू दे.”

“हां.”

इंजिन चालू होतं. लिंबावर एक होला घुमत होता. गोठ्यात गाईने अंग झाडलं.

...

“माय,” हे म्हणाले. समोरच बघत होते. “दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीपर्यंत मी कपिला घेऊन खेड्यांत फिरत होतो. मग घरी आलो आणि... मीच किल्ली फिरवली. एकदम. सगळ्याची.”

मायचा हात तिथेच होता.

“मला गाडीची भीती नाही वाटत, माय.”

“ठाऊक हाये.”

“रस्त्यात मधेच माझंच काही झालं तर? आणि ही शेजारी बसलेली असेल.”

एवढ्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. तेल सांगितलं, टर्बो सांगितला, रबरी नळ्या सांगितल्या. हे नाही.

मला काय सुचलं कोण जाणे.

“मग शेजारी असेन की,” मी म्हटलं. “त्यात वाईट काय आहे?”

हे माझ्याकडे वळले. डोळे भरले होते. मग अचानक हसले. “अगं, तुला चालवता तरी येते का?”

“भोंगा वाजवता येतो. लोक येतील.”

मागे माय इतकं हसली की तिला ठसका लागला.

तोवर इंजिनाचा सूर आणखी खाली गेला होता. मायने हात काढला. ह्यांनी किल्ली फिरवली. कपिला शांत झाली, अगदी अलगद, देव्हाऱ्यातली समई शेवटी शांत होते ना, तशी.

कोणीच उतरलं नाही. तापलेलं लोखंड निवताना टिक... टिक... असा बारीक आवाज करत होतं. तो थांबेपर्यंत आम्ही तिघंही बसून होतो.

“उद्या शुक्रवार. उद्याच निघू,” हे म्हणाले.

*

निघालो. भल्या सकाळी, ओटीचं सामान घेऊन. हिरवं लुगडं, खण, नारळ. घरून निघताना हे हळू, रस्त्यावर एकसारखे. मी शेजारी बसून पुटपुटत आईचं नाम घेत होते. मधेमधे थांबत, पाणी पीत, पाय मोकळे करत. थांबलो की आधी इंजिन तसंच चालू, मग बंद. जालन्याच्या पुढे एक नवी कोरी गाडी सूं करून बाजूने गेली, आणि तिच्यातल्या तरुणाने आमच्याकडे बघून हात हलवला.

मला वाटलं, आता ह्यांचा पाय दाबतो.

“तुझं नाम ऐकू येतंय ना?” ह्यांनी विचारलं.

“येतंय.”

“मग जाऊ दे त्याला.”

ऊन कलता कलता डोंगर दिसला. पायथ्याच्या नांदुरी गावात ह्यांनी गाडी कडेला घेतली. किल्लीकडे हात गेला आणि थांबला. आम्ही दोघं काही न बोलता बसून राहिलो. समोर गड. वर ढगात शिखरं. पोचण्याच्या आणि उतरण्याच्या मधे एवढी जागा असते, हे मला आजवर ठाऊकच नव्हतं. माझे हात आपसूक जोडले गेले.

मग हे उतरले. चहाच्या टपरीकडे जाता जाता ओरडले, “दोन चहा! एकात साखर जास्त!”

तो चहा मी अजून विसरलेले नाही. देवीची ओटी त्याच्यानंतर भरली. आई रागावली नसेल. तिनेच तर नेऊन पाजला.

परतल्यावर पहिल्यांदा मठात गेलो. मायने प्रसाद कपाळाला लावला, तोंडात टाकला. कपिलेकडे नजर टाकली, धुराच्या नळीत बोट घातलं, बघितलं. बोट लुगड्याला पुसलं.

हे तिच्या पाया पडले. पूर्वी नमस्कार करायचे, पण असे पालथे कधी पडले नव्हते.

“माय, दक्षिणा काय देऊ?”

“देशीन?”

“तुम्ही मागा.”

“ती खोळ दे.”

हे माझ्याकडे बघू लागले. मी शिवली होती ना ती, जागून. तिच्या नाड्यांना मी आतून जरीचा काठ लावला होता, कोणाला दिसणार नाही असा.  मग मीच घरी जाऊन आणली. घडी करून, वर हळदकुंकू वाहून मायच्या पुढे ठेवली.

मायने घडी मोडली. झटकली. मठाच्या मागे नेऊन गोवऱ्या रचलेल्या उडव्यावर पसरली आणि चारी कोपरे ओढून बघितले. एक बाजू उघडीच राहिली.

“पावसाळ्याच्या आधी बरं झालं,” म्हणाली.

बायांनो, ही गोष्ट मी शुक्रवारी देवीपुढे बसून सांगते, आणि आता लिहूनही ठेवली. माझ्यासारखंच तुम्हीही करावं, एवढीच माझी विनंती आहे. काय करावं, ते मी माझ्या शब्दांत सांगायला गेले तर वाकडं होईल, म्हणून तेव्हाच मायला विचारून घेतलं होतं. म्हटलं, “माय, मी हे बायांना सांगणार आहे. शेवटी त्यांना काय सांगू?”

माय उडव्याच्या उघड्या बाजूकडे बघत होती.

“सांग,” ती म्हणाली, “अशी खोळ आनखी कोनाच्या घरी असंल, तर आनून द्या म्हना. गोवऱ्या लय हायेत.”